यमुनाबाईंचा वाफा

बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. खाडीला ओहोटी लागली होती. मिठागराच्या बांधावर बगळे बसले होते. बायका डोक्यावर पाट्या घेऊन मिठाच्या राशीकडे चालल्या होत्या आणि जाता जाता एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत होत्या. यमुनाबाई कर्णिकांच्या ओट्यावर बामी नावाची मिठागरातली एक बाई भिंतीला टेकून बसली होती.

ही भालखारची गोष्ट. फार वर्षं झाली तिला. किती, ते आता नक्की कुणी सांगत नाही. ज्यांनी पाहिलं ते गेले, ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलं तेही बहुतेक गेले. जे उरलेत त्यांच्या सांगण्यात थोडंफार इकडचं तिकडे होतं. पण तो दिवस मात्र सगळे एकसारखाच सांगतात.

यमुनाबाई औषध द्यायच्या. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोड गोळ्या. पण गोळ्या देण्याआधी त्या विचारायच्या, आणि त्यांचं विचारणं लवकर संपायचं नाही.

"डोकं कधी चढतं, बामी?"

"सूर्य चढला का चढतं, कलला का उतरतं. आता पयल्यापेक्षा कमी हाय."

"तहान?"

"तांब्याभर पानी एका दमात पिते."

"झोपतेस कुठल्या कुशीवर?"

"बायजी, आमचं घर केवढं, मानसं किती. जी कूस मोकळी घावंल ती आमची."

यमुनाबाई हसल्या. बामीही हसली. तेवढ्यात हशा तांडेल अंगणात येऊन उभा राहिला. तो मिठाचा मचवा घेऊन मुंबईला जायचा आणि येताना गावाची कामं घेऊन यायचा. कुणाला कापड, कुणाला चहाची पुडी, कुणाला निरोप.

"हशा, बस जरा. हिचं होऊ दे," यमुनाबाई म्हणाल्या.

हशा बसला नाही. त्यानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. बामीला त्याचं तोंड दिसत होतं, यमुनाबाईंना दिसत नव्हतं. त्या बाटली शोधत होत्या. त्यांनी बाटलीच्या बुचात चार गोळ्या घेतल्या, बामीच्या जिभेवर सोडल्या, आणि मग वळून म्हणाल्या, "हां, बोल."

"बायजी, धक्क्यावर रंगूनच्या बोटीचा खलाशी भेटला. आपला दिनू..." दिनू म्हणजे रंगूनला नोकरीला गेलेला यमुनाबाईंचा मुलगा. "ताप आला व्हता म्हनतात. मार्गशीर्षात."

यमुनाबाई उभ्याच होत्या. त्यांनी विचारलं, "ताप थंडी वाजून आला, की नुसताच?"

हशानं हातातल्या रुमालाची घडी केली, मोडली.

"तहान लागत होती का त्याला?"

"मना कसं माहीत असनार, बायजी."

"बरोबर आहे. तुला कसं माहीत असणार," त्या म्हणाल्या. त्यांनी बाटलीला बूच लावलं, बाटली पेटीत तिच्या जागी ठेवली आणि पेटी मिटली. बामीच्या जिभेवर गोळ्या अजून विरघळत होत्या.

आता यमुनाबाई या गावात आल्या कशा, ते सांगायला हवं.

त्यांचे यजमान मिठाच्या सरकारी कचेरीत कारकून होते. बदली होऊन भालखारला आले, ते येताना एक लाकडी पेटी घेऊन आले. कुणा बंगाली साहेबानं त्यांना ती दिली होती, आणि पेटीतल्या बाटल्यांची विद्याही शिकवली होती. होमिओपाथी असं तिचं नाव. भालखारात ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. गाव तिला गोळीविद्या म्हणायचं, आणि पुढे यजमान गेल्यावर यमुनाबाईंनी ती पेटी चालवायला घेतली तेव्हा त्यांना गोळीबाय म्हणायला लागलं. तोंडावर मात्र बायजी.

ही विद्या उलटी आहे, असं त्या सांगायच्या. ज्यानं दुखणं येतं, त्याच जिनसेचा अंश दुखणं नेतो. कांदा चिरताना डोळ्यांना आणि नाकाला पाणी सुटतं ना, मग तशा सर्दीवर कांद्याचंच औषध. मधमाशी चावल्यासारखी सूज आली, आग झाली, तर माशीचंच. रानातल्या काजऱ्याचं विषारी बी खाल्लं तर माणूस आकडी येऊन मरेल. त्याच काजऱ्याचा अंश रागीट, चिडक्या, पोट बिघडलेल्या माणसाला. मुका मार लागला तर डोंगरावरच्या एका पिवळ्या फुलाचं. आणि अंश तरी केवढा. थेंबातला थेंब पाण्यात टाकायचा, बाटली जाड पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आपटून आपटून हलवायची, त्यातला थेंब पुन्हा दुसऱ्या पाण्यात. असं करत करत शेवटी जिन्नस राहतच नाही, तिची नुसती आठवण राहते.

"मंग औषध कशाचं दिलं, आठवनीचं?" बामीचा नवरा धाया एकदा ओट्यावर बसून म्हणाला होता. "येवढं पानी आमी मिठागरात घातलं असतं तर मालकानं, शिलोत्र्यानं आमाला झोडला असता."

"तुला माहीत आहे का धाया, मिठाचंही औषध आहे यात."

"मीठ?" धाया इतका हसला की त्याला ठसका लागला. "बायजी, आमी मिठात उभं ऱ्हातो, मिठात बसतो. आमच्या टाचा चाटल्यात तर आमटीला मीठ नको. आन तुमी आमाला मीठ देनार?"

ते औषध लागू पडणारी माणसं कशी असतात, ते यमुनाबाईंनी तेव्हा सांगितलं होतं. ती दुःख आत ठेवतात. चारचौघांत रडत नाहीत. त्यांना समजूत घातलेली सोसत नाही. पाठीवरून हात फिरवला की त्यांचं दुखणं वाढतं. त्यांना मीठ खावंसं वाटतं, नुसतं, तळहातावर घेऊन. आणि ऊन चढेल तसं त्यांचं डोकं चढतं.

धाया हसायचा थांबला होता, कारण त्याची बायको तशीच होती. बामीची पोरगी आदल्या पावसाळ्यात गेली होती. अंगणातून खाडीपर्यंत चालत जायला तिला जेमतेम येत होतं, आणि तेवढंच पुरलं. बामी रडली नाही. ती कामावर गेली आणि तेव्हापासून तिचं डोकं दुखायला लागलं. गावातल्या सगळ्या बायका येऊन तिची समजूत घालून गेल्या. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि चिमूट चिमूट मीठ खायची. मग धायानं तिला ओढत यमुनाबाईंकडे आणलं. यमुनाबाईंनी तिला तहान विचारली, भूक विचारली, घाम कुठे येतो, स्वप्नात काय दिसतं, दार उघडं लागतं की बंद, सगळं विचारलं, आणि अगदी शेवटी विचारलं, "हे कधीपासून?"

त्यांचा तो नेहमीचा शेवटचा प्रश्न होता. हे कधीपासून? कधीपासून बरं नाही तुला? विचारून झालं की त्या गप्प बसायच्या. धीर द्यायच्या नाहीत, हात धरायच्या नाहीत. माणूस बोलेपर्यंत बसून राहायच्या.

बामीनं सांगितलं. सांगता सांगता दुपार गेली. त्या दिवशी ती इतकी रडली की ओट्याची जमीन पांढरी झाली, आणि संध्याकाळी यमुनाबाईंनी तिथलं मीठ झाडूनं गोळा केलं, असं म्हणतात.

साप चावला, हाड मोडलं, पटकी झाली तर यमुनाबाई गोळीला हात लावायच्या नाहीत. स्वतः उभ्या राहून त्या माणसाला हशाच्या मचव्यात घालायच्या आणि तालुक्याच्या दवाखान्यात धाडायच्या. "हे माझ्या पेटीतलं नव्हे," एवढंच म्हणायच्या. पण जी दुखणी कुणाला दिसत नाहीत, ज्यांना दवाखान्यात नाव नाही, त्यांना घेऊन माणसं खाडीच्या पलीकडूनही भालखारला यायची.

आणि या विद्येत एक अडचण होती, तीही त्यांनी सांगून ठेवली होती. स्वतःचं औषध स्वतःला काढता येत नाही. स्वतःला विचारलं तर माणूस सोयीचं उत्तर देतो. त्यांना काही झालं तर आधी यजमान विचारायचे. यजमान गेल्यावर दिनू विचारायचा. हा दिनू लहानपणी औषध न घातलेल्या, नुसत्या साखरेच्या गोळ्यांची अख्खी बाटली तोंडात रिकामी करायचा आणि गावभर हसू व्हायचं, गोळीबायचा पोर साखरेवर पोसलाय म्हणून. तो आईपुढे मांडी घालून बसायचा, आवाज जाड करायचा आणि विचारायचा, "बाई, आपल्याला तहान कशी लागते?" यमुनाबाई खोकत खोकत उत्तरं द्यायच्या. दिनू रंगूनला नोकरीला गेला, त्यानंतर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तशी वेळही आली नव्हती.

बातमी आली आणि वेळ आली.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई नेहमीसारख्या ओट्यावर बसल्या. लोक आले ते औषधाला नाही, समाचाराला आले. कुणी म्हणालं, देवाची मर्जी. कुणी म्हणालं, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. एका म्हातारीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. यमुनाबाईंनी मान हलवली, सगळ्यांना चहा दिला, आणि सगळे गेल्यावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. बामी पेले विसळत होती. तिनं ते पाहिलं.

मग तिनं आणखीही पाहिलं. ऊन चढलं की यमुनाबाई कपाळाला ओला पंचा बांधायच्या आणि ऊन उतरलं की सोडायच्या. जेवणाचं ताट तसंच राहायचं, पण ताटाच्या कडेचं मीठ संपलेलं असायचं. त्या रडल्या नाहीत. बामीला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ते तिचंच दुखणं होतं.

इकडे मिठागरात नवल घडलं. वाफ्यांत पाणी घेतलं होतं, ऊन कडक होतं, वारा जसा हवा तसा होता, पण मीठ धरेना. पाणी आटायचं, बोटभर उरायचं आणि तसंच राहायचं. चाखलं तर गोडं लागायचं. जुनी माणसं बांधावर उकिडवी बसून त्या पाण्याकडे बघायची. असं कधी झालं नव्हतं. मीठ नाही म्हणजे मचवा रिकामा, मचवा रिकामा म्हणजे चुली गार. लोक खाडीतले मासे आणि चिंबोऱ्या धरून दिवस काढायला लागले. गोमा पाटील गावाचा मोठा माणूस. तो शेवटी बोलला ते सगळ्यांच्या मनात होतंच.

"बायजीनं आपलं सगलं मीठ आत धरलंय," तो म्हणाला. "ती रडल्याबिगर आपलं पिकनार नाय."

असं खरंच होतं की काय, कोण जाणे. पण भालखारात असं म्हणतात.

मग गावानं ठरवलं की बायजीला मोकळं करायचं. कसं करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून जे ठाऊक होतं ते केलं. देवळातलं सगळं साहित्य घेतलं, ढोलकी घेतली, आणि अख्खा गाव यमुनाबाईंच्या अंगणात आला. त्यांची औषधाची पेटी बाहेर आणून पाटावर ठेवली, उघडली, हळदकुंकू वाहिलं, फुलं घातली. आणि गोमा पाटलानं मोठ्या तबकात कापूर रचून पेटवला आणि पेटीची आरती केली.

आता, यमुनाबाईंकडून औषध घेतलं की घरात कापूर ठेवायचा नाही, हे भालखारातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. कापराच्या वासानं ही औषधं मरतात, हे त्या प्रत्येकाला बजावायच्या. बायका ट्रंकेतला कापूर शेजारणीकडे देऊन यायच्या. पण तो कापडांतला कापूर. देवापुढचा कापूरही कापूरच, हे त्या दिवशी अंगणातल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. पाटलाच्या नाही, हशाच्या नाही, बामीच्याही नाही. ती पुढे उभी राहून टाळ्या वाजवत होती.

यमुनाबाई ओट्यावर होत्या. कापराचा लोट उघड्या पेटीवरून गेला, बाटल्यांमधून फिरला. त्यांनी हात थोडा उचलला होता, असं म्हणतात. मग खाली घेतला. तबक त्यांच्यासमोर आलं तेव्हा त्यांनी ज्योतीवर दोन्ही हात धरले आणि डोळ्यांना लावले. गाव समाधानानं घरी गेलं. त्या रडल्या नाहीत.

बामीला कळलं ते तांदूळ पाखडताना. सुपातले दाणे वर गेले आणि तिचे हात थांबले. ती तशीच यमुनाबाईंकडे धावली.

यमुनाबाई एका खोकणाऱ्या माणसाला गोळ्या देत होत्या. तो माणूस जाईपर्यंत बामी दाराशी उभी राहिली.

"बायजी, कापूर."

"हो."

"सगल्या?"

"सगळ्याच. एक बाटली राहिली नाही."

बामी खाली बसली. "मंग आता त्याला काय दिलात?"

"साखर."

"देता कशाला मंग?"

यमुनाबाईंनी डोक्याचा पंचा घट्ट केला. "तो लांबून आला होता. बसला, बोलला. आता त्याला उठवून कसं लावायचं?"

"गावात सांगते मी. पाटलाला सांगते."

"नको. त्यांनी मनापासून केलं."

"हशा मुंबईस जातो, नवी पेटी आनंल."

"बघू," यमुनाबाई म्हणाल्या.

पण त्या माणसाचा खोकला गेला. त्याच्यानंतर आलेल्या बाईची झोप परत आली. तिच्यानंतरचा म्हातारा, ज्याला सारखं कुणी तरी मागून येतंय असं वाटायचं, तो एकटा चालत घरी गेला. मेलेल्या गोळ्यांनी माणसं बरी होत होती आणि हे फक्त दोघींना माहीत होतं. बामीनं एकदा धीर करून विचारलं, "हे कसं काय, बायजी?"

"मलाही कळत नाही," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं पेटीचं झाकण पुसलं. "यजमानांना विचारलं असतं."

दिवसेंदिवस त्या वाळत चालल्या. अंग पांढुरकं झालं. त्या ओट्यावरून उठल्या की बसल्या जागी बारीक पांढरी रेती राहते, असं बायका सांगायला लागल्या. उन्हात त्यांच्याकडे बघवत नसे, डोळे दिपायचे. त्या प्रत्येकाला तहान विचारायच्या, स्वप्नं विचारायच्या, आणि शेवटी हे कधीपासून म्हणून गप्प बसायच्या. त्यांना मात्र येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, बायजी, जपा.

बामी घरी धायाला म्हणाली, "तिला विचारायला पायजे."

"कुनी?"

"कुनी तरी. ती आपल्याला विचारते तसं. समदं, शेवटपर्यंत."

"मंग तू विचार. तुला तर सगलं पाठ हाय."

"मी?" बामी म्हणाली. "मी मिठागरातली बाई. मी कर्निकांच्या बायजीला विचारू, तुमाला घाम कुठं येतो?"

"तिनं तुला विचारला तवा तुला लाज वाटली का?"

"वाटली."

"मंग तिलाही वाटू दे थोडी," धाया म्हणाला.

यमुनाबाईंचं काय होणार, ते बामीच्या हातात होतं. मीठ पिकेल की नाही, ते तिला माहीत नव्हतं आणि खरं म्हणजे तिला त्याचं तेवढं नव्हतंही. पण त्या ओट्यावर तिला एकदा कुणीतरी परत आणलं होतं. ती दुसऱ्या दिवशी सकाळची कामं टाकून गेली. ऊन चढत होतं. यमुनाबाईंनी डोक्याला पंचा बांधला होता. बामी नेहमी भिंतीला टेकून बसायची, त्या दिवशी ती यमुनाबाईंच्या जागेवर, पेटीच्या बाजूला बसली आणि म्हणाली, "बायजी, तुमी तिकडं बसा. भिंतीला."

यमुनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग उठल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

"तहान कशी लागते?"

"लागते. खूप."

"एका दमात, का घोट घोट?"

"एका दमात."

"घाम?"

"मानेवर," यमुनाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांच्या कडेला जरा हसू आलं. "आवाज जाड कर थोडा."

बामीला ते कशासाठी ते कळलं. तिनं आवाज जाड केला. झोप विचारली, कूस विचारली. दार उघडं लागतं की बंद, विचारलं. यमुनाबाई लहान मुलीसारखी नीट उत्तरं देत होत्या. स्वप्न विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की स्वप्नात एक घर दिसतं, लाकडाचं, खांबांवर उभं, त्याच्या खालून पाणी जातं आणि आत कुणीतरी पाणी मागतंय, पण शिडी सापडत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. बाहेर मिठागराच्या वाफ्यांत पाण्यावर पातळ पापुद्रा धरायला लागला होता आणि बांधावरची माणसं उठून उभी राहिली होती, असं म्हणतात.

आता एकच प्रश्न राहिला होता.

यमुनाबाई वाट बघत होत्या. त्या भिंतीपासून थोड्या पुढे सरकल्या होत्या. त्यांनी डोक्याचा पंचा सोडून मांडीवर घेतला होता.

बामीनं तोंड उघडलं. तिला हशाचा रुमाल दिसला, आणि आपल्या जिभेवरच्या त्या दिवशीच्या गोळ्यांची चव आली. ती तिथेच होती की. हे कधीपासून, ते तिच्यासमोरच सुरू झालं होतं. ज्याचं उत्तर आपण डोळ्यांनी पाहिलंय ते विचारायचं कसं? आणि विचारलं आणि ही बाई फुटली, तर आपल्याला तिच्यासारखं गप्प बसून राहता येईल का? बामीला ते येईलसं वाटेना. आपण हात धरू, पाठीवरून हात फिरवू, नको ते बोलू, असं तिला वाटलं.

"बायजी," ती म्हणाली, "तुमची चूल पेटवून देऊ का?"

यमुनाबाईंनी मांडीवरचा पंचा पुन्हा डोक्याला बांधला.

"दे," त्या म्हणाल्या.

बामीनं चूल पेटवली. भात टाकला. भात झाला तसं ताट वाढलं. मग बामी म्हणाली, "उद्या येते," आणि घरी गेली. वाटेत तिनं पाहिलं, वाफ्यांतला पापुद्रा विरघळून पुन्हा नुसतं पाणी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी यमुनाबाई मिठागराकडे जाताना दिसल्या. त्या पांढऱ्या लुगड्यात होत्या आणि बांधावरून सावकाश चालत होत्या. चांगलं दिवसाचं ऊन होतं, बांधावर माणसं होती, सगळ्यांनी पाहिलं. त्या एका वाफ्यापाशी थांबल्या. खाली वाकल्या, ओंजळभर पाणी घेतलं आणि प्यायल्या. एका दमात. मग वाफ्यात उतरल्या. पाणी घोट्यापर्यंतही नव्हतं. तेवढ्यात ऊन असं तळपलं की बघणाऱ्यांनी डोळ्यांवर हात घेतले, आणि हात काढले तेव्हा वाफ्यात कुणी नव्हतं. काठोकाठ मीठ धरलं होतं. पांढरं शुभ्र, खड्यासारखं, बोटभर जाडीचं. एकामागून एक सगळे वाफे तसेच भरत गेले, आणि त्या वर्षी भालखारला पिकलं तेवढं मीठ त्यानंतर कधी पिकलं नाही, असं म्हणतात.

लोकांनी खाडी धुंडाळली, तिवरांच्या झाडीत शोधलं. हशानं मचवा खाडीच्या तोंडापर्यंत नेला. काही सापडलं नाही.

बामी त्या दिवशी बांधावर नव्हती. ती यमुनाबाईंच्या ओट्यावर बसली होती, ठरल्याप्रमाणे.

आता मिठागरं पुष्कळशी गेली. बरेच वाफे बुजले, काहींवर रस्ते आले. पण जे उरलेत त्यात एक वाफा यमुनाबाईंचा आहे. त्यात पाणी घेतात, मीठ धरू देतात, पण ते कुणी ओढून बाहेर काढत नाही. पावसाळ्यात ते विरघळतं आणि बांधातल्या उघाडीच्या दारातून खाडीत जातं. भालखारच्या देवळात अजून कापूर जळत नाही. आरती तुपाच्या वातीवर होते. नव्या सुना विचारतात, त्यांना तेवढं सांगतात की कापूर आपल्याला चालत नाही.

आणि कुणाच्या घरी माणूस गेलं की गावातली एक बाई त्या घरी जाते. ती समाचाराचं काही बोलत नाही. जो सर्वात गप्प असेल त्याच्यासमोर बसते आणि विचारते, तहान कशी लागते, झोप कुठल्या कुशीवर, स्वप्नात काय दिसतं. मग शेवटचं विचारते आणि समोरचा बोलेपर्यंत बसून राहते. कितीही वेळ लागला तरी उठत नाही. ही रीत बामीनं घातली. ती म्हातारी होईपर्यंत प्रत्येक घरी स्वतः जायची, आणि पुढे पुढे खाडीपलीकडच्या गावांतूनही तिला बोलावणी यायची. तिनं त्या शेवटच्या प्रश्नाशिवाय कुणाचाही ओटा सोडला नाही.

यमुनाबाईंना तिनं तो विचारला नव्हता.